पंख हलतो म्हणून विमान कच्चं?

सध्या कोल्हापूरच्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'उजळाईवाडीहून उडालात की खिडकीतून बघा, पंख कसा लपलपतो. वजन वाचवायला कंपन्या भाग फक्त दीडपट ताकदीचे करतात, क्रेनचा हूक पाचपट असतो. जाड पत्रा घालायला काय होतं?' खाली छत उडालेल्या विमानाचा फोटो.

पंख लपलपतो, कारण तो तसाच बनवलेला असतो. १९९५ साली बोइंग ७७७ चा पंख चाचणीत मुद्दाम मोडेपर्यंत वर ओढला. टोक सुमारे २४ फूट वर गेलं, तेव्हा कुठे तो मोडला.

दीडपट हा आकडा खरा आहे, पण कशाच्या दीडपट? रोजच्या भाराच्या नव्हे. विमानावर कधीकाळी येऊ शकेल अशा कमाल भाराच्या. मोठ्या प्रवासी विमानाला हवेत वळसे घेताना हा भार वजनाच्या अडीचपट धरतात. त्याच्या दीडपट म्हणजे पावणेचार पट झाले की! ७७७ चा पंख कमाल भाराच्या १५४ टक्क्यांवर मोडला, इतका हिशोब काटेकोर. २००६ मध्ये ए३८० चा पंख दीडपटीच्या जरा आधीच गेला, तर एअरबसला तो मजबूत करावा लागला. हुकाला कोण कसा हिसका देईल याचा नेम नसतो, म्हणून तिथे आकडा मोठा.

आता जाड पत्रा. उद्यमनगरात कुठल्याही टर्नरकडे राबून तुटलेला शाफ्ट मागा आणि तुटलेलं तोंड उजेडात धरा. बराचसा भाग गुळगुळीत, त्यावर कमानीसारख्या रेषा. उरलेला खरबरीत, दाणेदार. गुळगुळीत भाग हळूहळू चिरत आलेला, दाणेदार भाग शेवटी एका झटक्यात गेलेला. रेषांचा माग काढत मागे गेलं की बहुतेक वेळा की-वेची (चावी बसवायच्या खाचेची) नाहीतर खांद्याची (शाफ्टची जाडी बदलते तिथली) धारदार कड सापडते. शाफ्ट जाड केला आणि कोपरा तसाच ठेवला, तर दुखणं तिथंच राहतं. कोपऱ्याला रेडियस द्यावा लागतो, म्हणजे तो गोलसर करावा लागतो. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमानं हवेत फुटली, तेव्हा तपासात हेच निघालं: केबिनमध्ये हवेचा दाब भरताना-सोडताना केबिनच्या पत्र्यातल्या छेदाच्या कोपऱ्यापाशी चीर सुरू झाली होती. शिवाय जाड भाग ताठ होतो, जास्त भार स्वतःकडे ओढतो आणि शेजारच्या रिव्हेटांवर (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांवर) ढकलतो.

राहिला फोटो. तो १९८८ मधल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चा. त्यात पंख शाबूत दिसतोय, हे पाठवणाऱ्यानं बघितलंच नाही. ८९,६८० उड्डाणं झालेल्या त्या विमानाच्या पत्र्याच्या जोडावर रिव्हेटांच्या रांगेत बारीक चिरा पडल्या आणि त्या एकमेकींना मिळाल्या. तपासणीत त्या नजरेतून सुटल्या होत्या. जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम त्यानंतर कडक झाले.