मामांची मान, भांगेचे तेल आणि आपला वाद

नाशिकजवळ मखमलाबादच्या मळ्यातून मामांनी गेल्या महिन्यात मानेचा फोटो पाठवला. कॉलरच्या वरची कातडी जाड, काळवंडलेली आणि खाजवून ओलसर झालेली, कॉलरच्या आतली मात्र स्वच्छ. बांधावरचे गाजरगवत बाधल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले होते. तरीही त्यांनी दिलेले मलम बाजूला ठेवून मामा कोणीतरी आणून दिलेले भांगेच्या बियांचे तेल चोळत होते. त्यावरून नातेवाइकांत वाद पेटला. एकजण म्हणे, ही आपलीच वनस्पती, रामकुंडावरच्या साधूंना विचारा. दुसरा म्हणे, गांजाचे नावही घरात नको. मी जर्मनीत राहतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

दोघांनाही मी आधी एवढेच सांगितले, की टीएचसी (नशा आणणारे) आणि सीबीडी (नशा न आणणारे) ही भांगेच्या झाडातील ज्यांची चर्चा चालते ती द्रव्ये प्रामुख्याने मादी फुलांच्या राळेत असतात, बियांत जवळजवळ नसतातच. इथल्या दुकानांतही हिरवे पान छापलेली बियांच्या तेलाची मलमे दिसतात आणि इथलेही लोक फसतात.

मूळ शास्त्र मात्र मोलाचे आहे. आपले शरीर स्वतःही अशाच प्रकारची रसायने तयार करते. १९९२ मध्ये सापडलेल्या त्यांतील एकाला ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून आनंदामाइड म्हणतात. ही रसायने पेशींवरच्या ज्या ग्राहींना (संदेश पकडणाऱ्या रेणूंना) चिकटतात, त्यांपैकी सीबी-१ मुख्यतः मेंदूत आणि सीबी-२ मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतात. बॉन विद्यापीठातील संशोधकांनी हे दोन्ही ग्राही नसलेले उंदीर पाळले होते. ओळखीसाठी कानात अडकवलेल्या निकेलच्या बिल्ल्यांनीच त्यांच्या कानांना जखमा झाल्या, आणि त्यातून पुढचे प्रयोग निघाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात, ग्राही शाबूत असलेल्या उंदरांच्या कानाला टीएचसी लावल्यावर स्पर्शजन्य ॲलर्जीची सूज कमी झाल्याचे दिसले. गाजरगवताची ॲलर्जीही तशीच, टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींमुळेच उसळते, म्हणून हे वाचताना मला मामांची मान आठवते.

पण उंदराचा कान म्हणजे माणसाची मान नव्हे. शिवाय ज्या पेशी शांत करायच्या, त्याच जंतूंशी लढतात. खाजवून फुटलेल्या कातडीवर ही बाब गंभीर ठरू शकते. जर्मनीत २०१७ पासून डॉक्टर गांजाजन्य औषधे लिहून देऊ शकतात आणि औषधाच्या दुकानात टीएचसी-सीबीडीचे प्रमाण छापलेले असते. तरी माझ्या हातावरच्या इसबासाठी इथल्या डॉक्टरीणबाईंनी साधे स्निग्ध मलम आणि मोजक्या दिवसांचे स्टेरॉइडच दिले. मी गांजाजन्य मलमाविषयी विचारले, तेव्हा त्वचेसाठी पुरेसा पुरावा नाही, असे त्या सरळ म्हणाल्या. मला हा संयम आपल्याकडे हवा आहे. मोकळीक नव्हे आणि नुसती बंदीही नव्हे.

आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने फुले आणि राळ यांवर बंदी घातली, सुटी पाने आणि बिया वगळल्या, आणि वैद्यकीय व शास्त्रीय कामासाठी वाट उघडी ठेवली. ती वाट वापरून गाजरगवताच्या रुग्णांवर, नेमक्या मात्रेच्या मलमाची, आधीच्या उपचाराशी तुलना करणारी चाचणी आपल्याच डॉक्टरांनी करायला हवी. हे गवत आपल्या बांधावर आहे, जर्मनीतल्या शेतांत नाही. तोवर मामांना मी तेल थांबवून डॉक्टरांचेच मलम लावायला, गवत दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यायला आणि मळ्यातून आल्याबरोबर अंघोळ करायला सांगितले आहे. काल त्यांनी तेलाच्या बाटलीचा फोटो पाठवला. त्यावर पानाचे मोठे चित्र आहे, द्रव्याचे प्रमाण कुठेच नाही.