जामीन कोण राहणार? (काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

काका (वय ६८, नगरपालिकेतून निवृत्त, असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून हा हक्क घेते),

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इंग्लंडमधली कितीतरी काउन्सिलं (म्हणजे तिथल्या नगरपालिका) केअरमध्ये, म्हणजे आई-बापांऐवजी काउन्सिलच्या देखरेखीखाली, वाढलेल्या माणसांना समानता कायद्यातल्या संरक्षित गटांसारखं वागवायचे ठराव करतायत, आणि मी गेल्या लेखात त्यांचं कौतुक केलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप: हे आपल्या आरक्षणाचं विलायती रूप आहे, त्याला कायद्याचा आधार नाही, आणि त्या पोरांच्या कपाळी जन्मभराचा शिक्का बसतो. वर एक वाक्य, जे मला सगळ्यात जास्त लागलं: "मी असे शेकडो ठराव टाइप केलेत, ते कपाटात जातात."

दुसरा मुद्दा आधी घेते, कारण तो तुमचा बरोबरच आहे. २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये नऊ गोष्टींना संरक्षण आहे: वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग वगैरे. दहावी घालायचा अधिकार फक्त संसदेला. मे २०२२ मध्ये, सरकारसाठी या मुलांच्या व्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या जॉश मॅकॲलिस्टर यांच्या अहवालाने ती घाला असं सुचवलं, सरकारने मानलं नाही. म्हणून काउन्सिलांनी आपापल्या सभागृहात ठराव केले. खासगी मालकाने केअरमध्ये वाढली म्हणून कुणाला नोकरी नाकारली, तर या ठरावाच्या जोरावर ती न्यायालयात जाऊ शकत नाही. हे गेल्या लेखात मी ठळक लिहायला हवं होतं.

(वाचकांपैकी आणखी एकाने विचारलंय की वंश जन्माने येतो, केअर तर फक्त अनुभव आहे, मग दोन्ही एका यादीत कसे? त्या नऊंमध्ये विवाह आणि गरोदरपणही आहे, तेही जन्माने येत नाहीत. पुढे जाऊ.)

पण आरक्षण? नाही हो. जागा राखून ठेवणं यात कुठेच नाही. काही काउन्सिलं केअरमधून आलेल्या, किमान पात्रता असलेल्या उमेदवाराला मुलाखतीची हमी देतात, नोकरीची नाही. मुख्य काम वेगळंच आहे. याच कायद्याचं १४९ वं कलम सांगतं की सार्वजनिक संस्थेने निर्णय घेताना या गटांवर काय परिणाम होईल याचा रीतसर विचार करावा. त्यासाठी काउन्सिलांत एक फॉर्म असतो, प्रत्येक गटाला एक ओळ. ठराव झाला की त्यात एक ओळ वाढते. एवढंच! तुम्ही हसाल.

आता हे ऐका. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका मुलीला, वय १९, सुपरमार्केटात नोकरी, खोली भाड्याने घ्यायची होती. एजंट म्हणाला, जामीनदार आणा, नाहीतर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा. इथे जामीनदार म्हणजे आई किंवा बाप, असं सगळे गृहीतच धरतात. फॉर्मवर 'नातं' असा रकाना होता. तिने मला विचारलं, "इथे काउन्सिल लिहू का?" थट्टा नव्हती ती. न्यायालयाच्या केअर ऑर्डरने तिचं पालकत्व काउन्सिलकडे आलं होतं, अठराव्या वाढदिवसापर्यंत. कागदोपत्री तिचा शेवटचा पालक खरंच तेच होतं. पण जामीन राहायची पद्धत त्या काउन्सिलात नव्हती. कुणी नाही म्हटलं नव्हतं, कुणाला सुचलंच नव्हतं. काही काउन्सिलं आता जामीन राहतात. ती एक जादा ओळ याचसाठी.

अशी भोकं बरीच आहेत. जागा नाही म्हणून लंडनचं मूल शेजारच्या केंटमधल्या फॉस्टर घरी (सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात) पाठवलं जातं, तिथेच वाढतं, आणि मोठेपणी काउन्सिलच्या घरासाठी अर्ज केला की 'स्थानिक रहिवासी' ही अट आडवी यायची (२५ च्या आतल्यांसाठी ती २०२५ मध्ये काढली). बेघर झालं तर वयाच्या २१ पर्यंत प्राधान्य आपोआप. त्यानंतर आपण किती असहाय आहोत ते सिद्ध करत बसा. काउन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा) स्कॉटलंडमध्ये २६ पर्यंत माफ, इंग्लंडमध्ये ज्या त्या काउन्सिलची मर्जी. नियम लिहिणारे वाईट नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर आई-बाप असलेलं पोरगं होतं.

आपल्याकडे महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण आणलं. मला ते चांगलंच वाटतं. पण तिथे सगळा जीव प्रमाणपत्रात अडकतो. आई-बाप वारले की सोडून गेले? टाकून दिलेलं मूल अनाथ धरायचं की नाही? हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. इथे इंग्लंडमध्ये प्रश्न उलटा आहे: तू कोणाचा नाहीस हे नको सांगू, तू आमच्याकडे होतास का ते सांग. आणि ते काउन्सिलच्याच फाइलीत असतं. ज्याने मूल घरातून उचलून आणलं, त्याच्याकडेच पुरावा. मला हा फरक मोठा वाटतो.

शिक्क्याबद्दल मी ठाम नाही. केअरमध्ये वाढलेल्यांतच यावर दोन तट आहेत, आणि नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं तुमच्यासारखंच आहे: प्रत्येक फॉर्मवर लहानपण का उघडं करू? म्हणून ते सांगणं ऐच्छिकच हवं. पण काका, 'आईचं नाव' या रकान्यापुढे पेन थांबतं तेव्हाही शिक्का बसतोच, फक्त तो दिसत नाही.

राहिलं कपाट. आमच्या काउन्सिलने हा ठराव गेल्या वर्षी केला. घरवाटपाचे नियम बदलायचा मसुदा लवकरच येतोय, सोबत तो फॉर्मही असेल. दहाव्या ओळीत काय लिहिलंय ते मी इथे जसंच्या तसं टाकीन. 'लागू नाही' असं असलं, तर पहिली प्रतिक्रिया तुमची.