'आमच्या मुलींनी काय शिकायचं?' या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही वय सांगितलंत म्हणून काका म्हणते.

नाशिकमधल्या सातपूरच्या कंपनीत काम करणाऱ्या, लग्नाआधी आई झालेल्या मुलीवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. मुलगी सज्ञान होती, टाळी एका हाताने वाजत नाही, त्या मुलाचीही काही बाजू असेल, आणि अशा बेजबाबदार मुलींचं कौतुक केलं तर आमच्या घरातल्या मुलींनी काय शिकायचं, असं तुम्ही लिहिलंत. शिवीगाळ न करता, स्वतःच्या नावाने लिहिलंत. म्हणून सविस्तर उत्तर देते.

टाळीला दोन हात होते हे मान्यच आहे. ती स्वतःही ते नाकारत नाही. पण दुसऱ्या हाताचं पुढे काय झालं? त्याचं लग्न झालं. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर, हळद, वरात, डीजे, सगळं रीतसर. स्थळ बघताना मुलीकडच्यांनी पगार विचारला, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा ते विचारलं, पत्रिकेत मंगळ आहे का तेही पाहिलं. बाळाबद्दल त्यांना कोणी चकार शब्द सांगितला नाही. कॉलनीतल्या निम्म्या लोकांना सगळं ठाऊक होतं आणि तीच माणसं अक्षता टाकून, जेवून आली. 'मुलं असतात अशीच, लग्न झालं की येतात ताळ्यावर,' हे त्यातल्याच एका बाईंच्या तोंडून मी ऐकलंय.

आता हिचं ऐका. दवाखान्यात केस पेपर काढताना खिडकीतल्या बाईंनी नवऱ्याचं नाव विचारलं. हिने वडिलांचं सांगितलं. 'वडिलांचं नको, मिस्टरांचं सांगा,' बाई मोठ्याने म्हणाल्या आणि मागची अख्खी रांग कान टवकारून गप्प झाली. मी शेजारी उभी होते. सातवा महिना होता तिला, पाय सुजलेले. संक्रांतीला बिल्डिंगमधल्या सगळ्या दारांवर हळदीकुंकवाचं आमंत्रण गेलं, हिचं दार वगळून. संध्याकाळी शेजारचा शाळकरी मुलगा तिळगूळ घेऊन आला आणि उंबऱ्याबाहेरूनच हात पुढे करून म्हणाला, 'आईने सांगितलंय, आत जाऊ नको.' एवढ्याशा पोराला आपण हे शिकवतो.

तुम्ही तिला बेजबाबदार म्हणता, काका, हे मला सगळ्यात जास्त लागलं. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी तिने एकही चुकवली नाही. पहिली पाळी करून येते, पाळणाघरातून लेकीला आणते, मग स्वयंपाक. बाळ टाकून द्यायला कितीसा वेळ लागतो? तसं झालं की दुसऱ्या दिवशी पेपरात 'निर्दयी माता' छापून येतं आणि गुन्हा दाखल होतो अज्ञात महिलेवर. भारतीय न्याय संहितेचं कलम ९३ मात्र आई किंवा बाप असं दोघांचंही नाव घेतं. बारा वर्षांखालचं मूल टाकलं तर दोघांपैकी कोणालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अज्ञात पुरुषाचा शोध सुरू असल्याची बातमी माझ्या तरी वाचनात नाही. रीतसर मार्गही होता तिच्यापुढे. बाल कल्याण समितीपुढे बाळ सोपवता येतं, फेरविचाराला दोन महिने मिळतात. तिने ते केलं नाही. मूल ठेवलं. जी थांबली तिलाच आपण जाब विचारतो, कारण ती समोर सापडते.

हे आजचंही नाही. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, त्यामागे एका तरुण विधवेला झालेली काळ्या पाण्याची शिक्षा होती. ज्याच्यापासून तिला दिवस गेले तो शास्त्री मोकळाच राहिला.

आणि आपल्या जिल्ह्यात तर त्र्यंबकेश्वर आहे. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेच्या दिंड्या सातपूरवरून जातात, आपण वारकऱ्यांना चहा देतो, पाया पडतो. त्या निवृत्तीनाथांचं बालपण आठवा. विठ्ठलपंत बायकोला मागे ठेवून काशीला गेले, संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने परत संसारात आले. निर्णय त्यांचे. वाळीत पडलं ते अख्खं घर. संन्याशाची पोरं म्हणून मुलांची मुंज नाकारली गेली. संन्यासाचा निर्णय रुक्मिणीबाईंचा नव्हता, तरी देहान्त प्रायश्चित्त त्यांनाही घ्यावं लागलं असं सांगतात. त्याच त्र्यंबक रोडला लागून ही मुलगी राहते.

मुलाची बाजू असेल, म्हणालात. असू द्या, कोर्टात मांडेल. मूल लग्नाचं असो वा नसो, पोटगी बापाने द्यायची हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे, आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्येही होतं. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटही नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. तिने केलाय. पालक म्हणून आईचं एकटीचं नाव पुरतं, बापाचं नाव सांगायची सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलं आहे. कायदा पुढे गेला, खिडकीतल्या बाई तिथेच आहेत.

राहिला तुमच्या मुलींचा प्रश्न. या मुलीने पाच महिने घरी तोंड उघडलं नाही, कारण वडील जीव देतील अशी भीती होती. अविवाहित मुलीलाही वीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा कायद्याने दिली आहे. तिने काय ठरवलं असतं कोण जाणे, पण ठरवायची वेळच त्या भीतीने खाल्ली. तुमच्या मुलींना एवढंच सांगा की काहीही झालं तरी आधी घरी यायचं, बाबा ऐकून घेतील. त्यांना वाईट वळण लागायची धास्ती तुम्हाला वाटते, मला त्या वरातीत नाचलेल्या मुलांची वाटते. त्यांना सगळं ठाऊक होतं.

एक विनंती आहे. तिच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपतोय आणि मालकांनी वाढवून द्यायला नकार दिलाय. अशोकनगर, श्रमिकनगर बाजूला, पाळणाघर जवळ पडेल अशी खोली हवी आहे. भाडं आजवर एकदाही थकलेलं नाही, डिपॉझिटचं मी बघते. मिस्टर काय करतात, हे न विचारणारे कोणी मालक तुमच्या ओळखीत असतील तर मला मेल करा.