लायका म्हणे कधी बदललीच नाही!

मामाने फॅमिली ग्रुपवर टाकलेला तो लांबलचक मेसेज तुमच्याकडेही आलाच असेल. जर्मनीच्या लायका कंपनीने 70 वर्षं तोच कॅमेरा विकला, डिजिटल आलं, मोबाइल आला तरी ती ढिम्म हलली नाही, कॅमेऱ्यावरच्या नुसत्या लाल ठिपक्यावर, म्हणजे लोगोवर भरमसाठ पैसे घेते, म्हणून तुम्हीही बदलू नका, फक्त भाव वाढवा. एरवी असले मेसेज मी न वाचता पुढे सरकवतो, पण माझा मामेभाऊ फोटोग्राफीचं काम करतो आणि त्याने हे वाचून खरंच रेट वाढवला, वर एका क्लायंटला 'आपण व्हिडिओ करत नाही' असंही सांगून मोकळा झाला. आता गप्प कसं बसायचं?

'बदलली नाही म्हणून टिकली' हे तर सरळ उलटं आहे राव. बदलायला उशीर केला म्हणून ही कंपनी बुडायला आली होती! 2005 च्या सुरुवातीला निम्म्याहून जास्त भांडवल तोट्यात गेलेलं आणि बँकांनी कर्जाची मर्यादा कापायला सुरुवात केलेली. आणि गंमत बघा, त्या वेळी कंपनीत मोठा हिस्सा कोणाचा होता, तर हर्मेसचा, म्हणजे महागड्या बॅगा आणि स्कार्फवाल्यांचा. नुसत्या ब्रँडवर धंदा चालला असता तर जगात त्यांच्याइतकं ते कोणाला जमलं असतं? वाचवलं ते आंद्रेयास काउफमान या गुंतवणूकदाराने, त्यानेच 2006 मध्ये हर्मेसचा हिस्साही घेतला. त्याच वर्षी त्यांच्या नावाजलेल्या एम मालिकेतला पहिला डिजिटल कॅमेरा, म्हणजे एम8 आला, आणि तोही धड नव्हता, काळं सिंथेटिक कापड फोटोत जांभळं दिसायचं, शेवटी कंपनीने लोकांना लेन्सवर लावायला फिल्टर फुकट वाटले. 2009 मध्ये फुल फ्रेमचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला एम9 आला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. याला 'बदलली नाही' म्हणायचं?

बरं, 70 वर्षं तोच कॅमेरा यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो, नाइलाजाने. 1954 च्या एम3 ची लेन्स आजच्या 60 मेगापिक्सेलच्या एम11 वर बसते, आजोबांची लेन्स नातवाला चालते, आणि या एका गोष्टीला त्यांनी खरंच हात लावला नाही. पण माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच तोच ठेवला म्हणजे कॅमेरा तोच राहिला असं होत नाही ना. 2015 मध्ये ऑटोफोकसवाला, लेन्स न बदलता येणारा क्यू नावाचा कॅमेरा काढला, 2018 मध्ये पॅनासॉनिक आणि सिग्मा या कंपन्यांना बरोबर घेऊन एल माउंट या सामायिक माउंटची आघाडी केली, 2022 मध्ये फिल्मवाला एम6 परत आणला कारण फिल्मला पुन्हा गिऱ्हाईक दिसलं. आणि 2025 मध्ये तर एम ईव्ही1 मधून रेंजफाइंडरच, म्हणजे एम ची ओळख असलेली, दोन प्रतिमा जुळवून फोकस करायची खिडकीच काढून टाकली, तिथे डोळा लावून बघायचा छोटा इलेक्ट्रॉनिक पडदा बसवला! जुन्या भक्तांसाठी हे देवळातून मूर्ती हलवण्यासारखं होतं.

मोबाइलचा फटका बसला नाही म्हणे. 2010 मध्ये जगात 12 कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, 2023 मध्ये 80 लाखही नाहीत. त्या पुरात लायकाने काय केलं, तर थेट मोबाइलवाल्यांशीच हात मिळवला, 2016 मध्ये हुआवे, 2022 पासून शाओमी. कंपनीने स्वतः जाहीर केलेला 2024-25 चा आकडा बघा, 59.6 कोटी युरोची विक्री, तोवरची सगळ्यात जास्त. ज्या कंपनीची 20 वर्षांपूर्वी बँकेत पत नव्हती तिची ही विक्री आहे, आणि ती गप्प बसून झालेली नाही.

'आत सगळं पॅनासॉनिकच असतं' हेही त्या मेसेजमध्ये आहे. डी-लक्स मालिकेपुरतं बरोबर आहे, ते पॅनासॉनिकचेच भाऊबंद. एम आणि क्यूला ते लागू नाही, पुढे चला.

राहिला भाव वाढवायचा सल्ला. लायका महाग आहेच, कधी कधी उगाच महाग आहे, एम11-डी ला मागे स्क्रीनच नाही आणि तरी किंमत बघून डोळे पांढरे होतात. पण ज्याला तो हवाय त्याला नक्की काय हवंय ते त्यांना पाठ आहे. मामेभावाच्या गिऱ्हाइकाने तर तोंडाने सांगितलं होतं की व्हिडिओ हवाय. तेव्हा बाबा रे, मेसेज डिलीट कर आणि त्या माणसाला आजच्या आज फोन लाव.