प्लंबरदादा, पाऊण इंच पाइप टाकायला काय जातं तुमचं?

लाखांच्या टाइल्स, छतातून पावसासारखा पडणारा महागडा शॉवर, आणि भिंतीत काय? सगळीकडे अर्ध्या इंचाचा पाइप! राहायला गेल्यावर पहिल्याच सकाळी शॉवरमधून नुसती टिपटिप. मग प्लंबर म्हणतो, "साहेब, वरच्या मजल्याला प्रेशर नसतं, पंप बसवा." अरे, मजला वरचा आहे हे पाइपासाठी भिंतीत झरी (खाच) मारताना माहीत नव्हतं?

हिशेब दुसरी-तिसरीतल्या मुलाला जमेल असा आहे. टाकी गच्चीवर 3 फुटांच्या ओट्यावर, खाली मजला 10 फुटांचा, शॉवर 7 फुटांवर. टाकी तळाला आली की शॉवरच्या वर पाणी उरतं 6 फूट, म्हणजे दाब फक्त 0.18 बार. एवढ्या तुटपुंज्या दाबावर एकेक एल्बो (पाइप वळवायचा जोड) महाग पडतो. 12 मीटर पाइप आणि 12 एल्बो धरा. अर्ध्या इंचात एक एल्बो जवळपास अर्धा मीटर पाइपइतकं अडवतो, म्हणजे लांबी झाली 18 मीटर. अर्ध्या इंचाच्या सीपीव्हीसीचं (घरात वापरतात त्या प्लास्टिक पाइपाचं) आतलं भोक जेमतेम साडेबारा मिमी. त्यातून मिनिटाला सातेक लिटर येतं, तेही शॉवरची जाळी न लावता. त्याच लाइनवर बेसिनचा नळ उघडला की संपलंच. पाऊण इंचाचं भोक 18 मिमी, पाणी अडीच पटीहून जास्त. तरी अर्धाच का टाकता? फिटिंग स्वस्त पडतं म्हणून!

आणि पंपाचं औषध तर सांगूच नका. त्याच बारीक नळीतून दुप्पट पाणी ढकलायला साडेतीन पटीहून जास्त दाब लागतो. तो सगळा ताण सांध्यांवर. लाइट गेली की पुन्हा टिपटिप.

त्यात हाताची कसर. हॅक्सॉने पाइप कापायचा आणि आतली कड घासायचीच नाही. पाइप चिकटवायचं पिवळं सोल्यूशन फिटिंगच्या सॉकेटमध्ये भरभरून लावायचं, मग ते आत सरकून कडीसारखं सुकतं आणि साडेबाराचं भोक आणखी लहान होतं. टाकीची लाइन कठड्यावरून चढवून खाली उतरवायची, मग त्या उंचवट्यात हवा अडकते आणि टाकी भरलेली असूनही नळ कोरडा. व्हॉल्व्हनंतर एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकून हवेचा पाइप टाकीच्या वर न्यायला किती वेळ लागतो?

टाकीतून निघताना सव्वा इंच, प्रत्येक बाथरूमला उतरताना एक इंच, आत फिरवायला पाऊण. अर्धा इंच फक्त शेवटी, पाऊण बाय अर्धाच्या ब्रास एल्बोवर. गीझरच्या गरम लाइनलाही पाऊणच, नाहीतर थंड पाणी जोरात आणि गरम रडत येतं. आणि घरमालकांनो, टाइल लावायच्या आधी टाकी जवळजवळ रिकामी असताना शॉवरचा पॉइंट उघडा, 15 लिटरची बादली धरा, घड्याळ लावा. दोन मिनिटं लागली तर भिंत तेव्हाच फोडायला लावा आणि त्याचे पैसे देऊ नका.