सैन्यच नव्हतं, तर बृहद्रथाला दाखवलं काय?

शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याच्याबद्दलचा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. अशोकाने अहिंसेपायी सैन्य मोडीत काढलं, बृहद्रथाने यवन (म्हणजे ग्रीक) सैनिकांना बौद्ध विहारांत लपू दिलं, म्हणून देश वाचवायला सेनापती पुष्यमित्र शुंगाने त्याला मारलं, असा त्याचा सारांश. माझ्याकडे तो तिघांकडून आला, त्यातले दोघे इतिहासाचे शिक्षक. म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा सैन्याचा. बृहद्रथाचा वध झाला इ.स.पू. 185 च्या सुमारास. तो कसा झाला हे सांगणारं ठळक वाक्य सातव्या शतकातला कवी बाणभट्ट याच्या ‘हर्षचरिता’त आहे, म्हणजे घटनेनंतर आठशे वर्षांनी लिहिलेलं. सैन्य दाखवतो या निमित्ताने पुष्यमित्राने सगळी फौज उभी केली आणि तिथेच आपल्या धन्याला संपवलं, असं बाण सांगतो. फौज मोडलेली असती तर सेनापतीने राजाला दाखवायला आणलं काय? बरं, याच वाक्यात बाण पुष्यमित्राला ‘अनार्य’, म्हणजे नीच, म्हणतो. देश वाचवणाऱ्याला कुणी हा शब्द वापरत नाही. बृहद्रथाला तो ‘प्रतिज्ञादुर्बल’ म्हणतो, म्हणजे दिला शब्द पाळण्यात कमी पडणारा. अहिंसेचं तिथे नावही नाही.

अशोकाचं म्हणाल तर त्याचे लेख दगडावर आहेत, वाचता येतात. तेराव्या शिलालेखात कलिंगच्या युद्धात एक लाख माणसं मारली गेली याचं दुःख आहे. पण त्याच लेखात अटवीतल्या, म्हणजे जंगलातल्या, लोकांना तो बजावतो, की मला पश्चात्ताप झालाय खरा, तरी माझ्या हातात सत्ता आहे. कलिंग त्याने परत केलं नाही. देहदंडही चालू ठेवला. शिक्षा झालेल्यांना फक्त तीन दिवसांची सवलत दिली. शिवाय अशोक गेल्यावर बृहद्रथापर्यंत पंचेचाळीसेक वर्षं आणि कितीतरी राजे गेले. त्या सगळ्यांचा हिशेब एकट्या अशोकाच्या नावावर कसा मांडता?

विहारात लपलेले यवन ना बाणाकडे आहेत ना पुराणांत. पुराणं एवढंच सांगतात, की सेनानी पुष्यमित्र बृहद्रथाला उखडून स्वतः राज्य करेल. यवनांच्या स्वाऱ्या मात्र खऱ्या. व्याकरणकार पतंजलीने व्याकरणाचं उदाहरण म्हणून ‘अरुणद् यवनः साकेतम्’ असं लिहिलंय, म्हणजे यवनाने साकेताला (अयोध्येला) वेढा घातला. पण हाच पतंजली पुष्यमित्राच्या यज्ञाचंही उदाहरण देतो. म्हणजे वेढ्याचं हे उदाहरण पुष्यमित्राच्या काळाजवळचं. त्यावरून बृहद्रथाला फितूर ठरवता येत नाही.

या मजकुराला उत्तर म्हणून दुसरा फिरतो: पुष्यमित्राने प्रत्येक भिक्षूच्या शिरासाठी शंभर दिनार लावले. तोही मला तसाच्या तसा मान्य नाही. ही कथा ‘दिव्यावदान’ या बौद्ध कथासंग्रहातली, आणि तिथे पुष्यमित्रालाच मौर्य ठरवलंय. त्याने भिक्षूंना त्रास दिलाच नाही, असं मी म्हणत नाही. पण मध्य प्रदेशातल्या भारहूतच्या बौद्ध स्तूपाच्या तोरणावर ‘सुगनं रजे’, म्हणजे शुंगांच्या राज्यात, असं ब्राह्मीत कोरलेलं आहे. म्हणजे शुंगांच्या राज्यात बौद्ध स्तूपाचं काम चालू होतं. धनभूती नावाच्या राजाने ते तोरण उभारलं. कोलकात्याच्या संग्रहालयात ते आजही उभं आहे.