मनाचा आजार आणि चाळीस टक्क्यांचा उंबरठा

२०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रांवरून गदारोळ उठला. त्यात मानसिक आजाराचाही दावा होता. पुढे जिल्हा परिषदांच्या कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं फेरतपासणीला घेतली गेली. खोटा कागद काढणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘डोक्याचा आजार काय, कुणीबी सांगंल’ असं लिहिलेलं इथे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये वाचते, तेव्हा जीव तुटतो. कारण खऱ्या आजाऱ्याला तो कागद मिळवताना काय सोसावं लागतं, ते मी घरात पाहिलंय.

माझा मामेभाऊ स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे. गाव गोदाकाठचं. दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी मामानं रोज बुडवला, पहाटेची एसटी धरली. मामीनं त्याला आंघोळ घातली, डोक्याला तेल लावलं, इस्त्रीचा शर्ट चढवला. मी नंतर फोनवर विचारलं तर म्हणाली, “बाई, सायबापुढं लेकराला गबाळं कसं न्यावं?” साहेबांनी नाव विचारलं, गाव विचारलं, त्यानं नीट सांगितलं. पाच-सात मिनिटांत काम संपलं. दिव्यांगत्वाचे टक्के चाळिशीच्या आत आले, म्हणजे सरकारी मदतीला लागणाऱ्या चाळीस टक्क्यांपेक्षा कमी. आंघोळ आईनं घातली, गोळ्या आई चारते, अमावस्या-पौर्णिमा न पाहता रात्र-रात्र तो अंगणात फेऱ्या मारतो, हे कुणी विचारलंच नाही.

आपला नियम मुळात वाईट नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांमध्ये मानसिक आजार आहे. तो मोजायला ‘आयडियाज’ नावाची भारतीय मोजपट्टी आहे: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद-समज आणि काम, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. कामात घरकामही धरलं जातं. मात्र ही मोजपट्टी घरच्यांशी निवांत बोलल्याशिवाय लागू पडत नाही, आणि तेवढा वेळ द्यायला मानसोपचारतज्ज्ञ हवेत. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही.

इथे मी शनिवारी एका सल्ला केंद्रात लोकांना ‘पिप’ या दिव्यांग भत्त्याचे अर्ज भरायला मदत करते. त्यात आजाराच्या नावाला गुण नाहीत. स्वयंपाक जमतो का, एवढ्यावर थांबत नाहीत. सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत जमतो का, हे पाहतात. वर्षातल्या निम्म्याहून जास्त दिवस अडचण असेल तर ती धरतात. तपासणीच्या दिवशी माणूस बरा दिसला तरी बाकीच्या दिवसांचा हिशेब मांडायला जागा राहते.

इथलं सरकार फार उदार आहे, असं मात्र कुणी समजू नये. २०१७ मध्ये त्यांनी मानसिक त्रासामुळे एकट्यानं प्रवास न करू शकणाऱ्यांचे गुण कापले. कोर्टानं तो भेदभाव ठरवला, आणि सुमारे १६ लाख प्रकरणं पुन्हा तपासायची वेळ आली. २०२५ मध्ये निकष आणखी कडक करायला निघाले, तेव्हा सत्ताधारी पक्षाचेच खासदार उलटले आणि विधेयकातलं ते कलम मागे घ्यावं लागलं. संशय इथेही आहेच. फरक एवढा की नकार आलेला माणूस स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे जातो, आणि सुनावणी झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण तिथे जिंकतात.

आपल्याकडे भांडण रकमेचं चाललंय. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना अडीच हजार झाले. बच्चू कडूंनी सहा हजारांसाठी उपोषण केलं, ती मागणी रास्तच आहे. पण चाळीस टक्क्यांच्या आत अडकलेल्याला अडीच हजार काय नि सहा हजार काय, हातात काहीच पडत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. बोर्डानं सोबत आलेल्या माणसाला वेगळं बसवून विचारावं: गेल्या महिन्यात किती रात्री झोपला, आंघोळ कोण घालतं, एकटा बाजारात जातो का? उत्तरं कागदावर यावीत. गावची आशाताई चार ओळी लिहून देत असेल तर त्याही जोडाव्यात. आणि २०१६ च्या कायद्याचं कलम ५९ या निर्णयाविरुद्ध अपिलाचा हक्क देतं, हे मामीला कुणी सांगितलं नव्हतं. ते प्रत्येक प्रमाणपत्राच्या पाठीवर मराठीत छापा, अपील कुठल्या कार्यालयात करायचं त्या पत्त्यासकट.